विज्ञानकथा आणि फॅन्टसी: सध्या काय वाचलं जातंय, सुरुवात कुठून करावी? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

वाचकांकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. पुरस्कारांची माहिती २०२५ च्या ह्यूगोपर्यंतची आहे (हा वाचकांच्या मतांवर दिला जाणारा पुरस्कार, प्रश्न १३). कुठल्याही पुस्तकाचा शेवट फोडलेला नाही.

१. सध्या फॅन्टसी आणि सायन्स फिक्शनवाले नेमकं काय वाचतायत?

सगळे एकच पुस्तक वाचतायत असं चित्र नाही. सगळ्यात मोठी गर्दी रोमँटसीकडे, म्हणजे प्रेमकथा मध्यभागी असलेल्या फॅन्टसीकडे आहे. रेबेका यारोसच्या ड्रॅगनस्वारांच्या मालिकेचा तिसरा भाग ‘ऑनिक्स स्टॉर्म’ जानेवारी २०२५ मध्ये आला. एकूण पाच भाग ठरलेले आहेत. मुलांना ही पुस्तकं द्यावीत का, ते प्रश्न ११ मध्ये आहे.

दुसरी लाट लिटआरपीजीची. यात व्हिडिओ गेमसारख्या लेव्हल, गुण आणि बक्षिसं थेट मजकुरात येतात. मॅट डिनिमनची ‘डंजन क्रॉलर कार्ल’ ही त्यातली सगळ्यात गाजलेली मालिका. लेखकाने ती २०२० मध्ये स्वतःच प्रकाशित केली आणि २०२४ पासून ती मोठ्या प्रकाशकाकडून छापील स्वरूपात येऊ लागली. पृथ्वीवरच्या इमारती एका क्षणात जमीनदोस्त होतात. उरलेल्या माणसांना अठरा मजली भुयारी खेळात उतरावं लागतं आणि परग्रहवासी तो खेळ थेट प्रक्षेपणात बघतात. वरवर पोरखेळ वाटतो, पण करमणुकीसाठी माणसं मारणाऱ्या व्यवस्थेवरचा लेखकाचा राग खरा आहे आणि पुढच्या भागांत तो वाढत जातो.

तिसरा गट पडद्यावरून पुस्तकाकडे आलेल्यांचा. ‘ड्यून’, ‘थ्री-बॉडी प्रॉब्लेम’, २०२५ मध्ये मालिका आलेला ‘मर्डरबॉट’ आणि चित्रपट आल्यापासून पुन्हा उचललं जाणारं अँडी वीअरचं ‘प्रोजेक्ट हेल मेरी’ ही त्यांची पुस्तकं. पुरस्कारांवर लक्ष ठेवणारे रॉबर्ट जॅक्सन बेनेटचं ‘द टेन्टेड कप’ वाचतायत. एका अधिकाऱ्याच्या शरीरातून झाड उगवतं आणि त्यात त्याचा जीव जातो. तपासासाठी येते एक विक्षिप्त बाई आणि पाहिलेलं काहीही न विसरणारा तिचा मदतनीस. या पुस्तकाला २०२५ चा ह्यूगो मिळाला, आणि शेरलॉक होम्स आवडणाऱ्याला ते हमखास आवडेल.

२. विज्ञानकथा कशाला म्हणायचं आणि फॅन्टसी कशाला?

घटना आजच्या किंवा उद्याच्या विज्ञानाच्या आधारे घडतात असा दावा असेल तर ती विज्ञानकथा. जादू, देवदैत्य किंवा वेगळेच सृष्टिनियम गृहीत धरले असतील तर फॅन्टसी. ‘ड्यून’ अवकाशात घडतं, पण त्याचा बाज राजघराणी आणि भविष्यवाण्यांचा आहे. एन. के. जेमिसिनच्या ‘ब्रोकन अर्थ’मध्ये जादूसारखी शक्ती भूकंपांशी जोडलेली आहे. पुस्तक निवडताना या सीमारेषेपेक्षा पानांची संख्या आणि निवेदनाची शैली जास्त उपयोगी पडते.

३. मी या प्रकारातलं काहीच वाचलेलं नाही. पहिलं पुस्तक कुठलं घेऊ?

चारशे-पाचशे पानांच्या आत संपणारं आणि स्वतःतच पूर्ण होणारं घ्या. विज्ञान आवडत असेल तर ‘प्रोजेक्ट हेल मेरी’. अवकाशयानात जागा झालेल्या माणसाला स्वतःचं नावही आठवत नाही आणि तो साध्या प्रयोगांतून आपण कुठे आहोत ते शोधून काढतो. शाळेतलं भौतिकशास्त्र आठवत असलं की पुरे. वेळ कमी असेल तर मार्था वेल्सच्या ‘मर्डरबॉट’ मालिकेतली पहिली ‘ऑल सिस्टिम्स रेड’, जेमतेम दीडशे पानं. फॅन्टसी हवी असेल तर अर्सुला ले ग्विनचं ‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’ (१९६८) किंवा सुझॅना क्लार्कचं ‘पिरानेसी’ (२०२०). ‘पिरानेसी’ची पहिली पन्नास पानं गोंधळात टाकतात आणि तो गोंधळ मुद्दाम घातलेला आहे. तेवढी पानं काढलीत की पुस्तक हातातून सुटत नाही.

सुरुवातीलाच गाडं अडतं ते ‘सर्वश्रेष्ठ दहा’ अशा याद्यांवरून पुस्तक निवडल्यामुळे. त्यात हटकून स्टीव्हन एरिक्सनची लांबलचक ‘मलाझन’ मालिका किंवा टोल्किनचं ‘द सिल्मरिलियन’ असतं. दोन्ही थोर आहेत, पण पाचवं-सहावं पुस्तक म्हणून.

४. इंग्रजी वाचायची सवय नाही. झेपेल का?

झेपेल, पण लेखक बघून घ्या. वीअर आणि वेल्स यांची भाषा आजची, वाक्यं छोटी, निवेदन प्रथमपुरुषी. टोल्किनची वाक्यं लांब आणि जुन्या वळणाची आहेत. ‘डिस्कवर्ल्ड’ लिहिणारा टेरी प्रॅचेट दिसतो सोपा, पण त्याचा विनोद शब्दखेळांवर आणि इंग्लंडमधल्या संदर्भांवर चालतो, म्हणून तो थोड्या सवयीनंतर.

लेखकाने तयार केलेले शब्द शब्दकोशात शोधू नका, ते तिथे नसतातच. ‘ड्यून’च्या शेवटी स्वतंत्र शब्दसूची आहे आणि बऱ्याच जणांना ती पुस्तक संपल्यावर दिसते. जाड फॅन्टसीच्या सुरुवातीला किंवा शेवटी पात्रांची यादी असते, तिथे खूण घालून ठेवा. ऑडिओबुक ऐकत समोर पुस्तक धरून वाचलं तर पहिल्या शंभर पानांत वेग येतो आणि नावांचे उच्चारही बसतात.

५. मालिका प्रकाशनाच्या क्रमाने वाचायची की कथेतल्या काळाच्या क्रमाने?

प्रकाशनाच्या. नंतर लिहिलेली पूर्वकथा आधीच्या पुस्तकांमधली रहस्यं तुम्हाला माहीत आहेत असं धरून चालते. ‘फाउंडेशन’ हे ठळक उदाहरण आहे. आसिमोव्हची मूळ तीन पुस्तकं १९५१ ते १९५३ मधली, पूर्वकथा १९८८ आणि १९९३ मधल्या. काळाच्या क्रमाने गेलात तर मूळ कल्पनेचा धक्काच निघून जातो.

अपवाद दोन प्रकारचे. ‘मर्डरबॉट’मध्ये ‘फ्युजिटिव्ह टेलिमेट्री’ (२०२१) ही ‘नेटवर्क इफेक्ट’च्या (२०२०) आधी घडते. ती आधी वाचली तरी बिघडत नाही. दुसरा अपवाद ‘डिस्कवर्ल्ड’. १९८३ ते २०१५ मधल्या ४१ कादंबऱ्यांपैकी पहिल्या दोन सगळ्यात कच्च्या आहेत. ‘गार्ड्स! गार्ड्स!’ (१९८९) किंवा ‘मॉर्ट’ (१९८७) पासून सुरू करा.

६. ड्यूनची सहाही पुस्तकं वाचायची का? दोन सिनेमे बघितलेत.

२०२१ आणि २०२४ चे दोन्ही चित्रपट मिळून फक्त पहिलं पुस्तक (१९६५) संपवतात. तरीही पहिल्यापासूनच वाचा. पात्रांच्या मनातले विचार हा पुस्तकाचा गाभा आहे आणि पडद्यावर त्यातलं फार थोडं आलंय.

थांबायच्या जागा तीन. पहिल्या पुस्तकानंतर थांबलात तर एक पूर्ण साहसकथा मिळते. दुसऱ्यानंतर, म्हणजे ‘ड्यून मसाया’ (१९६९) नंतर, लेखक फ्रँक हर्बर्टला खरं काय म्हणायचं होतं ते कळतं: तारणहाराच्या मागे आंधळेपणाने जाणारा समाज स्वतःचा नाश ओढवून घेतो. आमच्या मते इथपर्यंत तरी जायलाच हवं, आणि हे पुस्तक मालिकेत सगळ्यात लहान आहे. तिसरी जागा चौथ्यानंतर. ‘गॉड एम्परर’ सुमारे साडेतीन हजार वर्षं पुढे जातं, त्यात घटना कमी आणि संभाषणं फार. पाचवं-सहावं वाचायचं तर एक गोष्ट आधीच धरून चाला: लेखक १९८६ मध्ये गेला आणि सहाव्या पुस्तकाचा शेवट मोकळाच राहिला. पुढची पुस्तकं त्याच्या मुलाने सहलेखकाबरोबर लिहिली, त्यांचा पोत वेगळा आहे.

७. ब्रँडन सँडरसनची एवढी पुस्तकं आहेत. कुठून सुरू करू?

‘मिस्टबॉर्न’च्या पहिल्या तीन भागांपासून (२००६ ते २००८). मालिका पूर्ण आहे आणि जादूचे नियम स्पष्ट: ठरावीक धातू गिळायचा, तो पोटात ‘जाळायचा’ आणि त्या धातूची ठरलेली शक्ती मिळवायची. धातू संपला की शक्ती संपली. लढाई कोण का जिंकतं हे वाचकाला समजतं, म्हणूनच ती रंगते.

त्यानंतर ‘वॉरब्रेकर’, मग ‘स्टॉर्मलाइट’. हा क्रम पाळण्याचं कारण आहे. ‘स्टॉर्मलाइट’च्या दुसऱ्या भागापासून ‘वॉरब्रेकर’मधल्या काही गोष्टी पुढे येतात आणि त्या ओळखता आल्या की मजा दुप्पट होते. ‘स्टॉर्मलाइट’चे पाच जाडजूड भाग २०१० ते २०२४ मध्ये आले. दुसऱ्या-तिसऱ्याच्या मध्ये ‘एजडान्सर’ आणि तिसऱ्या-चौथ्याच्या मध्ये ‘डॉनशार्ड’ या लघुकादंबऱ्या वाचा. त्या वगळल्या तर पुढच्या भागात एखादं पात्र अचानक बदललेलं वाटतं. दहा भागांपैकी पहिलं पंचक ‘विंड अँड ट्रुथ’वर संपतं, तिथे थांबता येतं.

नेहमी होणारा घोटाळा ‘मिस्टबॉर्न: सीक्रेट हिस्टरी’चा. नावावरून ती प्रस्तावना वाटते. प्रत्यक्षात ती पहिल्या तीन भागांतली सगळ्यात मोठी गुपितं उघड करते. ‘मिस्टबॉर्न’चा सहावा भाग ‘द बँड्स ऑफ मोर्निंग’ वाचण्याआधी तिला हात लावू नका.

८. मी ‘द वे ऑफ किंग्ज’ घेतलं, पण ते मध्येच संपलं. प्रत खराब आहे का?

बहुधा नाही. ‘स्टॉर्मलाइट’च्या या पहिल्या भागाची भारतात येणारी ब्रिटिश पेपरबॅक आवृत्ती दोन खंडांत विकली जाते आणि तुमच्याकडे ‘पार्ट वन’ आहे. मुखपृष्ठावर हे दोन शब्द बारीक असतात आणि ऑनलाइन यादीत कधी कधी नसतातच. मालिकेच्या पुढच्या जाड भागांचीही हीच गत आहे. किंमत बघताना दोन्ही खंडांची बेरीज करा. पुष्कळदा ई-बुक स्वस्त पडतं आणि ते अखंड असतं.

‘गेम ऑफ थ्रोन्स’च्या सात पुस्तकांच्या संचाचं कोडंही असंच. मालिकेत आजवर पाचच पुस्तकं आली आहेत. ब्रिटिश पेपरबॅकमध्ये तिसऱ्याचे दोन खंड आहेत (‘स्टील अँड स्नो’, ‘ब्लड अँड गोल्ड’) आणि पाचव्याचेही दोन (‘ड्रीम्स अँड डस्ट’, ‘आफ्टर द फीस्ट’). सातवं संपवलंत म्हणजे मालिका संपली असं नव्हे. सहावं पुस्तक अजून यायचं आहे.

९. लेखकाने मालिका पूर्ण केलेली नाही. तरी सुरू करावी का?

शेवट कळल्याशिवाय झोप लागत नसेल तर नको. ‘गेम ऑफ थ्रोन्स’वाल्या जॉर्ज मार्टिनचं पाचवं पुस्तक २०११ चं, पॅट्रिक रॉथफसच्या ‘किंगकिलर’चा दुसरा भागही २०११ चा. दोघांच्याही पुढच्या पुस्तकाची वाट बघणं चालूच आहे. मार्टिनचं तिसरं पुस्तक (२०००) मात्र अनेक धागे जोरदार बंद करतं. तिथवर वाचून थांबलात तरी वाचन वाया जात नाही. ‘किंगकिलर’मध्ये अशी जागाच नाही, म्हणून ती केवळ भाषेच्या सौंदर्यासाठी वाचायची.

पूर्ण झालेल्यांत रॉबिन हॉबची सोळा पुस्तकं (१९९५ ते २०१७) आम्ही सगळ्यात वर ठेवतो. ती तीन-तीन, चार-चारच्या गटांत आहेत आणि प्रत्येक गट स्वतंत्रपणे संपतो. छोटं हवं असेल तर ‘ब्रोकन अर्थ’ची तीन पुस्तकं. २०१६, २०१७ आणि २०१८ असे लागोपाठ तीन ह्यूगो त्यांना मिळाले. त्यातल्या पहिल्या पुस्तकाचा एक धागा ‘तू’ असं संबोधून लिहिलेला आहे. तो वैताग आणतो, पण त्यामागचं कारण याच पुस्तकांत मिळतं.

१०. ‘व्हील ऑफ टाइम’ची टीव्ही मालिका बंद पडली. चौदा पुस्तकं वाचायची हिंमत करू का?

टीव्हीवर २०२५ मध्ये तिसऱ्या सीझननंतर पडदा पडला, पण पुस्तकांचा शेवट पक्का आहे. रॉबर्ट जॉर्डन २००७ मध्ये गेल्यावर त्याच्या टिपणांवरून सँडरसनने शेवटची तीन पुस्तकं लिहिली. ती २०१३ पर्यंत आली.

अडचण सात ते दहा या भागांत येते. वेग मंदावतो, पात्रं वाढतात. दहाव्याचा मोठा हिस्सा नवव्याच्या शेवटी घडलेल्या घटनेच्या वेळी इतर लोक काय करत होते ते सांगण्यात जातो. ज्यांनी मालिका सोडली त्यातले बरेच इथेच अडकले. दहावं अगदीच जड झालं तर प्रकरणनिहाय सारांश वाचून अकराव्याला लागा. तिथे जॉर्डनचा हात पुन्हा चालतो. ‘न्यू स्प्रिंग’ ही पूर्वकथा दहाव्यानंतर आली, तेव्हाच वाचा (प्रश्न ५).

११. तेरा वर्षांची मुलगी ‘फोर्थ विंग’ मागतेय. देऊ का?

नको. हा यारोसच्या मालिकेचा (प्रश्न १) पहिला भाग. मुखपृष्ठावर ड्रॅगन आणि कथेत युद्धशाळा असली तरी पुस्तक प्रौढांसाठी आहे. त्यात सविस्तर शृंगारिक प्रसंग आहेत. सारा जे. मासच्या ‘अ कोर्ट ऑफ थॉर्न्स अँड रोझेस’चंही तसंच. ते कधी किशोरांच्या कपाटात ठेवलेलं सापडतं, म्हणून कपाटावर विसंबू नका. त्या वयाला डायना विन जोन्सचं ‘हाउल्स मूव्हिंग कॅसल’, प्रॅचेटचं ‘द वी फ्री मेन’ किंवा ‘अर्थसी’ द्या. यातलं काहीच बाळबोध नाही, त्यामुळे ‘मला लहान समजता’ अशी तक्रार येत नाही.

१२. ‘थ्री-बॉडी प्रॉब्लेम’ अर्ध्यावर सोडलं. पुन्हा धरू का?

कुठे सोडलंत त्यावर आहे. नावांमुळे सोडलं असेल तर उपाय सोपा आहे. चिनी नावात आडनाव आधी येतं. ये वेन्जीमध्ये ‘ये’ आडनाव, वांग म्याओमध्ये ‘वांग’. पहिल्या पन्नास पानांत भेटणारी नावं कागदावर लिहून ठेवा. चीनमधल्या सांस्कृतिक क्रांतीच्या प्रकरणांना कंटाळला असाल तर थोडा धीर धरा. केन लिऊच्या इंग्रजी अनुवादात (२०१४) ती सुरुवातीला आणली आहेत, मूळ चिनी पुस्तकात पुढे येतात. त्या प्रकरणांमधल्या हत्येमुळेच एक बाई माणुसकीवरचा विश्वास गमावते आणि बाकीची कथा त्यातूनच निघते. पात्रं सपाट वाटली म्हणून सोडलं असेल तर मात्र पुढेही तीच तक्रार राहील, कारण मूळ लेखक लिऊ त्सिशिनचं बळ कल्पनांत आहे.

दुसरं पुस्तक ‘द डार्क फॉरेस्ट’ पहिला तृतीयांश रेंगाळतं आणि मग तिन्हींत सरस ठरतं. नेटफ्लिक्सवरच्या मालिकेत तिन्ही पुस्तकांमधली पात्रं एकत्र करून बरीचशी कथा लंडनला नेली आहे, त्यामुळे मालिका जिथे थांबली तिथून पुस्तक धरता येत नाही.

१३. ह्यूगो आणि नेब्युला यांत फरक काय? त्यावरून पुस्तक निवडावं का?

ह्यूगो वाचक देतात: वर्ल्डकॉन या संमेलनाचं सदस्यत्व घेतलेला कोणीही पसंतीक्रमाने मत देतो. नेब्युला लेखकांच्या संघटनेचे सदस्य देतात. प्रयोगशील लेखनाकडे नेब्युलाचा कल थोडा जास्त. २०२३ सालचा नेब्युला कोलंबोच्या वज्र चंद्रसेकेराच्या ‘द सेंट ऑफ ब्राइट डोअर्स’ला मिळाला आणि ते पुस्तक दक्षिण आशियातल्या वाचकाला फार जवळचं वाटेल.

विजेत्यापेक्षा अंतिम यादीतली सहा नावं बघणं जास्त कामाचं. एका वर्षाबद्दल मात्र सावध राहा. चेंगडूला झालेल्या २०२३ च्या ह्यूगोत आर. एफ. क्वांगच्या ‘बेबल’सह काही नावं कारण न देता अपात्र ठरवली गेली, त्यामुळे त्या वर्षीची यादी अपुरी आहे.

१४. मराठीत चांगली विज्ञानकथा आहे का?

आहे, आणि तिच्याकडे पाठ फिरवून फक्त इंग्रजी वाचणं हे मोठं नुकसान आहे. जयंत नारळीकरांपासून सुरुवात करा. मराठी विज्ञान परिषदेच्या १९७४ च्या स्पर्धेत त्यांनी ‘कृष्णविवर’ ही कथा नारायण विनायक जगताप या टोपणनावाने पाठवली होती. परीक्षकांवर नावाचं दडपण येऊ नये, एवढाच हेतू, आणि कथेला पहिलं बक्षीस मिळालं. ‘यक्षांची देणगी’ हा संग्रह पहिला घ्या, मग ‘प्रेषित’ आणि ‘वामन परत न आला’ या कादंबऱ्या. मे २०२५ मध्ये नारळीकर गेल्यापासून या पुस्तकांबद्दल विचारणा खूप वाढली आहे.

‘काय झालं असतं तर’ या प्रकारच्या कथेसाठी त्यांची गंगाधरपंतांची पानिपतची कथा वाचाच. इतिहासाचे प्राध्यापक अशा मुंबईत पोचतात जिथे १७६१ चं पानिपत मराठ्यांनी जिंकलेलं आहे. ते टाउन हॉलच्या ग्रंथालयात बसून एकेक खंड चाळत जातात आणि इतिहास नेमका कुठे वळला ते शोधतात. सापडतं ते एवढंच: विश्वासरावांना लागायची गोळी चाटून गेली. अकरावीच्या एनसीईआरटीच्या इंग्रजी पुस्तकात ‘द ॲडव्हेंचर’ नावाने आहे ती हीच.

पुढे लक्ष्मण लोंढे (‘दुसरा आइन्स्टाईन’), बाळ फोंडके, सुबोध जावडेकर, निरंजन घाटे. नारायण धारप मुख्यतः भयकथांचे, तरी अद्भुताची आवड असलेल्याने ते सोडू नयेत. नव्या कथा दिवाळी अंकांत शोधा, ‘धनंजय’ आणि ‘नवल’ आधी. उणीव आहे ती मोठ्या, अनेक भागांच्या मराठी फॅन्टसीची. तिथे अजून इंग्रजीकडेच जावं लागतं.

१५. फुटपाथवर किंवा ऑनलाइन फार स्वस्तात मिळालेली प्रत खरी आहे का, कसं ओळखू?

नकाशा बघा. फॅन्टसीच्या खऱ्या प्रतीत नकाशाच्या बारीक रेषा आणि गावांची नावं वाचता येतात. डुप्लिकेट प्रतीत तो काळा डाग झालेला असतो किंवा गायब. मग अक्षरं बघा, स्कॅन करून छापलेली अक्षरं जाड आणि कडेला फुटलेली दिसतात. जाड पुस्तक मधोमध उघडा, कणा कडकडला आणि डिंक सुटला तर पानं लवकरच हातात येतील. बत्तीस पानांचा आख्खा फर्मा गळलेला असणं हेही नेहमीचं, म्हणून पानांचे आकडे भराभर चाळा. एच. जी. वेल्स आणि ज्यूल व्हर्न प्रोजेक्ट गुटेनबर्गवर कायदेशीर आणि मोफत आहेत. परदेशातल्या मराठी वाचकांनी आधी सार्वजनिक ग्रंथालयाचं कार्ड काढावं, त्यावर बरीचशी ई-बुकं मिळतात.

१६. भारतीय लेखकाची दोन वेगळी पुस्तकं मागवली, आत तीच गोष्ट निघाली. असं कसं?

भारतात आलेलं पुस्तक परदेशात वेगळ्या नावाने निघतं, आणि मग ते नाव आपल्याकडच्या दुकानांतही येतं. समित बसूचं ‘चोझन स्पिरिट्स’ (२०२०) आणि ‘द सिटी इनसाइड’ (२०२२) हे दिल्लीत घडणारं एकच पुस्तक. लावण्या लक्ष्मीनारायणचं ‘ॲनालॉग/व्हर्च्युअल’ (२०२०) म्हणजेच ‘द टेन पर्सेंट थीफ’ (२०२३), उद्याच्या बंगळुरूचं. घेण्याआधी मुखपृष्ठामागचं स्वामित्वहक्काचं पान उघडा. ‘पूर्वी अमुक नावाने प्रकाशित’ ही ओळ तिथे असते. ऑनलाइन घेताना मोफत नमुना उतरवला की त्यातही हे पान येतं. दोन्ही मिळत असतील तर नंतरची आवृत्ती घ्या.